न्हाणीच्या पाण्यावरचा माड

बी मातीत गेलं की निदान दिसेनासं होतं. रुजत घातलेला नारळ मात्र सोडणासकट, निम्मा मातीबाहेर, आपल्या डोळ्यांसमोर पडून राहतो आणि महिनोन्महिने काही करत नाही. आमच्या बाल्कनीत तुळशीशेजारी असाच एक नारळ होता. घरी येणारा प्रत्येकजण विचारी, ‘हा इथे कशाला ठेवलाय?’ उगवतोय म्हणावं, तर दाखवायला काही नव्हतं.

जे चाललेलं असतं ते आत. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी दोन कायमचे मिटलेले. तिसरा मऊ, आणि त्याच्या खाली खोबऱ्यात रुतून बसलेला एवढासा गर्भ. ओल मिळाली की तो दोन्ही दिशांना वाढतो. बाहेर कोंब आणि मुळं काथ्यातून वाट काढतात. आत एक पिवळट पांढरा, भुसभुशीत गोळा फुगत जातो आणि पाणी पीत, खोबरं जिरवत सगळी पोकळी भरून टाकतो. पूजेचा नारळ वाढवल्यावर ‘फूल निघालं’ म्हणून घरात आनंद होतो, ते फूल हेच. आम्ही भावंडं त्याच्यावर तुटून पडायचो. गोडसर, किंचित तेलकट. एका माडाचं बाळपण आपण प्रसाद म्हणून खातोय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं!

आजी रुजत घालायचा नारळ कानाशी धरून हलवायची. पाणी वाजलं पाहिजे. मुका नारळ बाजूला. शहाळं, अडसर यांचं काम नाही. झाडावर अकरा-बारा महिने पुरे काढलेला, भर वयातल्या माडाचा नारळच हवा. मग विहिरीकडच्या सावलीत, ओल्या वाळूत तो आडवा. बाणवलीसारख्या उंच जातीला कोंब यायला तीन ते पाच महिने लागतात, ठेंगू जातींना त्याहून कमी. त्यानंतरही जो ढिम्म राहील त्याच्यात आजीचा जीव अडकत नसे. उशिरा रुजणाऱ्याचं झाडही रडतखडतच वाढतं, असं तिचं मत. आणि रोपवाटिकेतही असे नारळ काढूनच टाकतात.

कोंब हस्तिदंती, टोकदार. त्यातून उलगडणारी पहिली पानं माडाची वाटतच नाहीत. सलग, रुंद, उभ्या चुण्यांची. झावळीसारखी चिरत जाणारी पानं पुढे येतात, आणि ज्या रोपाची पानं लवकर फाटतात ते जोमाचं समजतात. मी रोज सकाळी चहा घेऊन बाल्कनीतल्या रोपासमोर उभी राहायचे आणि वाढीचं श्रेय खुशाल स्वतःकडे घ्यायचे. खरं तर पाणी सोडून मी त्याला काहीच देत नव्हते. खोबऱ्याची शिदोरी त्याला जवळपास वर्षभर पुरते.

शिदोरी संपली की बाल्कनीचं काम संपतं, असं माझं स्पष्ट मत आहे. माडाला सोटमूळ नसतं. दोरीसारखी असंख्य मुळं चहूबाजूंना पसरायला बघतात, आणि कुंडीत ती नुसती गोल फिरत राहतात. खोड दिसायलाच चार-पाच वर्षं. वाढीचा कोंब सगळ्या झाडात एकच, अगदी शेंड्यात. तो गेंड्या भुंग्याने पोखरला किंवा कोंडून सडला की माड संपला. त्याला फांदी फुटत नाही. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला माड मला म्हणूनच बघवत नाही.

गावी न्हाणीमागे एक माड होता. त्याला मुद्दाम पाणी कुणी घातलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी मात्र त्याच्या आळ्यात गेल्या. लावताना खड्ड्यात मीठ टाकलं होतं म्हणे. कोकणातली ही रीत खुळचट नाही. मिठातलं क्लोरीन माडाला खरोखरच लागतं.

नुसतं उत्पन्न हवं असेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राकडून खात्रीचं रोप आणावं, हे शहाणपणाचं. पण रुजणं बघायचं असेल तर घरी एक नारळ घालाच. पाच-सहा पानं झाली की पावसाळ्याच्या तोंडावर त्याला जमीन शोधा. आपली नसेल तर गावच्या काकांची, शाळेच्या आवारातली. मीटरभर खोल खड्डा, दोन माडांत पंचवीस फूट, उघडं ऊन. उचलताना पानांना धरून ओढू नका, खालचा नारळ तोडू नका. आणि जमीन देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, फळ धरायला सहा ते आठ वर्षं लागतात.