कावळ्याचे दात

संस्कृतांत ‘काकदन्तपरीक्षा’ म्हणून एक न्याय आहे. कावळ्याला दात किती, ह्याची चर्चा करणें म्हणजे नसत्या वस्तूविषयीं शक्ति खर्चणें, असा त्याचा अर्थ. आमचे संस्कृतचे गुरुजी वर्गांत कोणीं फाजील शंका काढली कीं ह्या न्यायाचा सोटा उगारीत, आणि शंका जागच्या जागीं विरून जाई. अलीकडे बरींच वर्षें अशीच एक काकदन्तपरीक्षा मी जवळून ऐकत आलों आहें. मात्र तिच्याविषयीं माझें मत गुरुजींच्या मतापेक्षां निराळें बनत गेलें आहे. हा कावळा विलायती आहे. त्याचें नांव हॅरी पॉटर.

जे. के. रोलिंग ह्या बाईंनीं १९९७ ते २००७ ह्या दहा वर्षांत सात भागांमध्यें ही कथा सांगितली. हॅरी हा पोरका मुलगा. अकराव्या वर्षीं त्याला कळतें कीं आपण जादूगारांच्या कुळांतले आहोंत. मग हॉगवर्ट्स नांवाच्या विद्यालयांत तो जादूचें शिक्षण घेतो, आणि ज्यानें त्याचे आईबाप मारले त्या व्होल्डेमॉर्टशीं अखेर त्याची गांठ पडते. इतकी हकीकत बहुतेक घरांतल्या मुलांना ठाऊक आहे, व मुलांमुळें आईबापांनाही. मुलें कथा वाचून थांबलीं असतीं तर मला लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु तीं वाद घालतात. मोडलेला चष्मा कांडीच्या एका स्पर्शानें सांधतां येतो, तर रॉनची मोडलेली कांडी कां सांधतां येत नाहीं? जादू रक्तांतून येत असेल, तर साध्यासुध्या आईबापांच्या पोटीं हर्मायनी कशी निपजली? वेळ मागें फिरविणारें यंत्र एकदां हातीं आल्यावर त्यानें साऱ्याच मेलेल्यांना कां वांचवूं नये? विद्यार्थ्यांच्या सहवासांत आयुष्य गेल्यामुळें हे प्रश्न माझ्या कानांवर येतात. दहा वर्षांपूर्वीं आले, आजही येतात. शेवटला भाग निघाला तेव्हां जीं जन्मलीं नव्हतीं, तीं मुलेंही आतां ह्या वादांत हिरीरीनें पडतात.

वादाची रीत पाहून मला प्रथम कौतुक वाटलें. ‘मला असें वाटतें’ एवढ्यावर तेथें कोणाची सुटका नाहीं. प्रमाण द्यावें लागतें. भाग कोणता, प्रकरण कोणतें, बोलणारें पात्र खरें बोलणारें कीं लबाड, हें सांगावें लागतें. एका ठिकाणचें वचन दुसऱ्या ठिकाणच्या वचनाशीं विरुद्ध दिसलें तर त्यांची एकवाक्यता करून दाखवावी लागते. पूर्वमीमांसेचें नांवही ज्यांनीं ऐकलें नाहीं तीं मुलें पूर्वपक्ष मांडतात, त्याचें खंडन करतात, आणि सिद्धांत सांगून चहाचा पेला उचलतात. विलायतेंत ही हौस जुनी आहे. १९११ सालीं रोनाल्ड नॉक्स ह्या ऑक्सफर्डच्या विद्वानानें, धर्मग्रंथांची चिकित्सा करणाऱ्या पंडितांचा आव आणून, शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. वॉटसनची जखम पहिल्या कादंबरींत खांद्याला आहे व दुसरींत पायाला. असले प्रश्न होम्सचे भक्त आजही गंभीर मुद्रेनें सोडवीत बसतात. नॉक्सचा हेतु थट्टेचा होता. माझ्या ऐकण्यांतल्या वादांत मात्र थट्टेच्या खालीं आणखी कांहीं आहे. एक उदाहरण देतों.

जादूनें अन्न निर्माण करतां येतें काय? शेवटल्या भागांत तिघे मित्र रानोमाळ लपत फिरत असतां उपाशी पडतात, आणि रॉन कुरकुरूं लागतो कीं आपली आई हवेंतून चांगलें जेवण काढते. त्यावर हर्मायनी त्याला गॅम्पचा नियम ऐकविते. ह्या नियमाला पांच मुख्य अपवाद आहेत. त्यांतला पहिला अन्न. अन्न कोठें आहे हें ठाऊक असल्यास तें बोलावतां येतें, असलेल्याचें रूप पालटतां येतें, असलेलें वाढवितां येतें. पण मुळीं नसलेलें उत्पन्न करतां येत नाहीं. उरलेले चार अपवाद कोणते तें कादंबरींत कोठेंच सांगितलेलें नाहीं, त्यामुळें वादाला कायमचें कुरण मोकळें आहे. पूर्वपक्ष म्हणतो: दुसऱ्या भागांत मॅक्गोनॅगलबाई कांडी फिरवितात, सँडविचांची थाळी पुढें येते आणि ती रिकामी म्हणून होत नाहीं, चौथ्या भागांत रॉनच्या आईच्या कांडीच्या टोकांतून पातेल्यांत दाट रस ओघळतो, मग नियम राहिला कोठें? सिद्धांती उत्तर देतात: थाळी स्वयंपाकघरांतून आली, रस घरांत कोठेंतरी होता, तोच आला.

आतां हा सिद्धांत कोठें नेऊन पोहोंचवितो तें पाहा. पहिल्या भागांत हॉगवर्ट्सच्या भोजनगृहांत सोन्याच्या थाळ्या आपोआप भरतात. हॅरीचे डोळे दिपतात, आपलेही दिपतात. तीन वर्षांनीं निघालेल्या चौथ्या भागांत कळतें कीं भोजनगृहाच्या बरोबर खालीं स्वयंपाकघर आहे. तेथें वरच्यासारखींच चार लांब मेजें मांडलेलीं आहेत. आणि एल्फ नांवाचे शंभरांहून अधिक बुटके दास तेथें रांधून, वाढून, भरलेलीं ताटें वर पाठवीत असतात. त्यांना वेतन नाहीं कीं सुटी नाहीं. हर्मायनीला हें समजतें तेव्हां ती पुढचें ताट दूर सारते.

म्हणजे ‘हें अन्न आलें कोठून?’ हा पोरकट प्रश्न चिकाटीनें विचारीत गेल्यास ‘कांडींतून’ असें उत्तर येत नाहीं. ‘खालीं कोणीतरी राबत आहे’ असें येतें. ज्याला आपण जादू म्हणत होतों ती दुसऱ्याची मेहनत होती. ती आपल्या दृष्टीआड होती इतकेंच. पंक्तींत पान वाढून आलें कीं तें आपोआपच आलें असें ज्यांना जन्मभर वाटत आलें, असे पुरुष आपल्या घराघरांतून होऊन गेले आहेत, व अजून आहेत. जादू कशी चालते, ह्या प्रश्नाचें खरें रूप ‘तिचें मोल कोण देतो’ हें आहे, असें मला वाटूं लागलें तें येथपासून. वाद घालणाऱ्या मंडळींपैकीं किती जणांना आपल्या वसतिगृहांतल्या आचाऱ्याचें नांव ठाऊक आहे, हें मात्र मीं त्यांना विचारलें नाहीं.

गणित शिकविणारे माझे एक सहकारी ह्यावर हंसून म्हणतात, “अहो, सगळेंच जर त्या बाईंनीं मनानें रचलेलें, तर नियमही त्यांचेच. आज एक करतील, उद्यां दुसरा. त्यांना कोण विचारणार?” दिसण्यांत हा आक्षेप बिनतोड आहे. पण त्याचें उत्तर जॉर्ज मॅक्डोनल्ड ह्या स्कॉटिश लेखकानें १८९३ सालींच देऊन ठेवलें आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, अद्भुत कथा रचणाऱ्यानें आपल्या सृष्टीचे नियम वाटतील तसे करावे. पण एकदां केले कीं त्यानें स्वतः ते पाळले पाहिजेत, नाहींतर ती सृष्टि ढांसळते. नीतीचे नियम तर त्यालाही नवे करतां येत नाहींत. ते येथून तेथें जसेच्या तसे न्यावे लागतात. गणिताच्या प्राध्यापकाला हें पटण्यास हरकत नसावी. गृहीतकें आपण निवडतों. त्यांतून काय निष्पन्न व्हावें हें आपल्या हातीं राहत नाहीं.

रोलिंगबाईंना ह्याचा प्रत्यय आला तो २००० सालीं. चौथ्या भागाच्या अखेरीस हॅरी व व्होल्डेमॉर्ट ह्यांच्या कांड्या एकमेकींशीं झुंजतात. दोहोंत एकाच फीनिक्स पक्ष्याचें पीस असल्यामुळें व्होल्डेमॉर्टची कांडी आपण केलेले मंत्र उलट्या क्रमानें ओकूं लागते. ज्याला सर्वांत शेवटीं मारलें त्याची छाया प्रथम बाहेर येते, त्याच्या आधीं मारलेल्याची त्यानंतर. हॅरीचे वडील आधीं मारले गेले, आई मागून. तेव्हां आईची छाया आधीं यावयास हवी. पहिल्या छपाईंत वडिलांची आधीं आली. वाचकांच्या नजरेंतून ही गोष्ट सुटली नाहीं, आणि पुढच्या छपाईंत क्रम फिरवावा लागला. आपणच केलेल्या कायद्याखालीं कर्ता आरोपी म्हणून उभा राहिला, आणि फिर्यादी होते त्याचेच भक्त!

आपल्या पुराणांवर वाढलेल्या माणसाला ह्यांत नवल वाटूं नये. दिलेला शाप खुद्द ऋषीलाही परत घेतां येत नाहीं. फार तर उःशाप देतां येतो. खाडिलकरांनीं १९१३ सालीं जीवर ‘विद्याहरण’ रचलें ती कच-देवयानीची गोष्ट घ्या. शुक्राचार्यांना संजीवनी विद्या अवगत आहे. पण शिष्याची राख मद्याबरोबर स्वतःच्याच पोटांत गेल्यावर ती विद्या पेंचांत सांपडते. कच उठावा तर गुरूचें पोट फाटतें. गुरु वांचावा तर कच जातो. अखेर पोटांतल्या शिष्यालाच विद्या द्यावी लागते. तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवितो. शुक्राचार्यांनीं नुसता हात फिरविला आणि सारें सुरळीत झालें, इतकेंच सांगितलें असतें तर ती गोष्ट आजवर कोणाच्या लक्षांत राहिली असती? विद्येला मोल पडतें आणि तें टाळतां येत नाहीं, म्हणून ती गोष्ट टिकली.

सगळेच वाद ह्या तोलाचे असतात असें नाहीं. हॉगवर्ट्समध्यें एकंदर विद्यार्थी किती, ह्यावर तासन् तास भांडणाऱ्यांना मी गुरुजींचा न्याय खुशाल लावीन. पण मोलाचा प्रश्न मरणापाशीं येऊन ठेपला कीं बोलणाऱ्यांचे आवाज बदलतात.

ह्या जगांत मेलेल्याला उठविणारा मंत्र नाहीं. मात्र एक जुनी, कांडीवांचून चालणारी जादू आहे. आईनें मुलासाठीं प्राण दिला, त्या त्यागाचें कवच मुलाच्या अंगावर राहिलें, आणि व्होल्डेमॉर्टचा मारक मंत्र उलटून त्याच्यावरच आला. वाद आहे तो असा: त्या रात्रीं वडीलही मेले. शत्रु घरांत शिरतांच बायकोला ‘मुलाला घेऊन पळ’ असें सांगून, हातांत कांडीही नसतां, जेम्स त्याच्या आडवा गेला. मग कवच आईच्याच मरणाचें कां? बापाचा त्याग हलका होता काय? सिद्धांत्यांचें उत्तर चोख आहे, आणि सातव्या भागानें तें पक्कें केलें आहे. स्नेपनें गयावया केल्यामुळें लिलीला सोडून देण्यास व्होल्डेमॉर्ट तयार होता. ‘बाजूला हो’ असें त्यानें तिला सांगितलें. जगणें हातांत असतां तिनें मरण पत्करलें. जेम्सपुढें अशी निवड नव्हती. तो मारला जाणारच होता. तेव्हां कवचाचा नियम प्रेम किती हें मोजीत नाहीं. निवड होती कीं नव्हती एवढेंच पाहतो.

दोन वर्षांपूर्वीं एका मुलानें हा सिद्धांत मोठ्या सफाईनें मांडला. त्यावर एक मुलगी, एरव्हीं असल्या वादांत हंसतखेळत पडणारी, एकाएकीं म्हणाली, “म्हणजे ज्याला ‘बाजूला हो’ असें कोणी म्हणालेंच नाहीं, त्याचें मरण फुकट?” तिचे वडील रुग्णवाहिका चालवीत असत, आणि २०२१ सालच्या साथींत ते गेले होते. आम्हां दोघांतिघांना हें ठाऊक होतें. त्या मुलाला नव्हतें. कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि त्या दिवसाचा वाद तेथेंच राहिला.

मागाहून त्याला कोणीतरी सांगितलें असावें. तिसऱ्या दिवशीं तो आपली वही घेऊन आला. वहींत नेहमींप्रमाणें भाग, प्रकरण व पान ह्यांचे आंकडे होते. त्यानें सहानुभूतीचे शब्द काढले नाहींत; पूर्वपक्ष मांडला. तो म्हणाला, तिसऱ्या भागांत आत्मा शोषून घेणारे डिमेंटर चालून येतात, तेव्हां त्यांना पिटाळणारी तेजाची आकृति हॅरीच्या कांडींतून निघते ती शिंगाळ हरिणाची. वडील जादूनें जें रूप घेत असत तेंच तें रूप. तळ्यापलीकडून आपले वडीलच धांवून आले असें हॅरीला आधीं वाटतें. मग कळतें कीं तो आपणच होतों. तेव्हां आईचें कवच बाहेरून अंगावर आलें, आणि बापाचें आंतून बाहेर येतें. मावशीच्या घराशीं बांधलेल्या आईच्या कवचाची मुदत हॅरीच्या सतराव्या वर्षीं संपते. वडिलांच्या ह्या रूपाला मुदत लिहिलेली कोठेंच सांपडत नाहीं. सबब त्या मरणाला मोल नव्हतें हा सिद्धांत आपण मागें घेतों.

मुलीनें वही हातांत घेतली आणि ती बराच वेळ वाचीत राहिली.

“प्रकरण विसावें नव्हे,” ती म्हणाली, “एकविसावें.”

त्यानें आंकडा खोडून नीट केला, आणि दोघेंही पुन्हां वादाला बसलीं.