रंकाळ्याची पायरी

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात आबा रंकाळ्याच्या पायरीवरून घसरले. पायाचे हाड मोडले आणि तीस वर्षांची पहाटेची फेरी बंद झाली. तेव्हापासून आमच्या घरी ‘शेवाळ’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. मी मराठीचा मास्तर. शेवाळ म्हटले की मला कमळ आठवायचे, फार तर एखादा अलंकार. पण कार्तिकात वनस्पतिशास्त्राच्या आमच्या एका सहकारी बाई तळ्याकाठी भेटल्या आणि म्हणाल्या, “सर, शत्रूला एकदा डोळे भरून बघा तरी!”

बाईंनी जुन्या टूथब्रशाने पाण्याखालचा दगड खरवडला. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला मात्र, आणि मी खुर्चीला खिळलो. चिमुकल्या सोनेरी होड्याच होड्या! काही तर आपल्याच स्रावावरून सावकाश सरकत होत्या. हे डायाटम. मराठीत यांना ‘करंडक वनस्पती’ म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत. कारण यांचे कवच खरोखरच सिलिकाचे, करंड्यासारखे झाकण असलेले असते.

पावसाळ्यात ओढ्यांचे गढूळ पाणी येते, ऊन खाली पोचत नाही, जुना थर पुष्कळसा धुऊन जातो. पाणी निवळले की वस्ती नव्याने बसते. बाईंनी काचपट्ट्या दोरीने पाण्यात सोडून ही बसणी टिपली होती : आधी जिवाणूंचा चिकट लेप, त्यावर करंडक, मग हिरवे तंतू आणि पाठोपाठ चरायला गोगलगायी. (आमच्या पेठेतही आधी टपरी, मग चाळ आणि मग वर्गणीवाले, असाच क्रम होता.) आबांचा पाय घसरला तो याच लेपावरून.

उन्हाळ्यात पाणी तापते. त्यात शहराचे सांडपाणी मिसळले, की नीलहरित शैवलांचे फावते आणि काठाला नाक मुरडावे लागते. वैशाखात मी संध्यामठ पाहायला गेलो. पावसाळ्यात बुडणारा तो काळा दगडी मंडप तेव्हा उघडा पडतो. खांबावरचा वाळका पापुद्रा मी नखाने काढला. बाई म्हणाल्या, “टाकू नका. यातले काही जीव पाणी मिळताच पुन्हा जागे होतील.”

यंदा नवरात्रात बाईंकडून सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि आबांच्या पलंगाशी मांडला. आबांनी बराच वेळ पाहिले.

“ह्यांच्यापायी पडलो होय मी?”

“होय आबा.”

“देखणे आहेत की रे लेकाचे.” पुन्हा डोळा लावला. मग म्हणाले, “पाणी कुठवर आलंय आता? उद्या मला ने. पायरी नाही उतरणार. कठड्यापर्यंतच.”

आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असे काही पाहिले, की मी मुकाट्याने सूक्ष्मदर्शक पेटीत भरू लागलो. आबा मात्र कोनाड्यातली काठी शोधत होते.