एकट्याचा मोटार-प्रवास

मोटार हांकण्याचा परवाना हातीं येऊन तीनच महिने झाले आहेत, तोंच आम्हीं मुंबईहून नागपुरास एकट्यानेंच जाण्याचा बेत केला आहे. ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग सबंध खुला झाल्यापासून वाट चुकण्याचें भय उरलें नाहीं. भय आहे तें रस्त्याच्या सरळपणाचें! घाटांतील वळणें चालकास जागें ठेवितात. येथें तासन्‌तास हातांना काम नाहीं, पेंग येते ती न कळत, आणि शेजारीं हांक मारणारें कोणी नाहीं. म्हणून ताशीं १२० किलोमीटरांची मुभा असली तरी आमचा वेग ९० चा, दर दोन तासांनीं विसांवा आणि मुक्काम छत्रपती संभाजीनगरास, असें आम्हीं ठरविलें आहे. दिवेलागणीनंतर गाडी हांकणार नाहीं, हें मातोश्रींस दिलेलें वचन निराळेंच. पोंचण्याची घाई नसणें, हीच एकट्या प्रवाशाची खरी सोबत होय.