मालगुजारी तलावांच्या मुलखांत

भंडारा-गोंदियाकडे आम्ही हिंडलों तेव्हां गांवागणिक एखादा तलाव, निदान बोडी म्हणजे लहानसें तळें, दृष्टीस पडल्यावांचून राहिलें नाहीं. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं यांतील पुष्कळसे बांधिले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटलांचा, असें तेथें सांगतात. वापी-कूप-तडागांचें पुण्य आमच्या शास्त्रीमंडळींनीं ग्रंथांत वर्णिलें; या शेतकऱ्यांनीं तें मातींत उतरविलें!

उताराच्या तोंडाशीं मातीची पाळ, पाळीखालीं धानाचीं शेतें, आणि वरच्या तलावाचा ओसंड खालच्या तलावांत, अशी ही रचना. उन्हाळ्यांत गाळ काढून शेतांत घालीत; तलाव खोल राही, शेत सकस होई. १९५१ मध्यें मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ कोणीं काढावा हेंच कोणास कळेना. मग गाळावर बेशरम माजली. (नांव किती यथार्थ!)

अलीकडे मासेमारी करणाऱ्या ढीवर मंडळींनीं कांहीं तलाव हातीं घेतले आहेत. ते बेशरम मुळासकट उपटतात, कोरडा तळ नांगरतात, आणि पाण्यांतील मूळच्या वनस्पति पुन्हां लावितात. माशांस व पाखरांस आसरा त्यांचाच.

यंत्र लावून तलाव सरसकट खोल खणण्याची घाई मात्र आम्हांस रुचत नाहीं. कांठचा उथळ उतार नाहींसा झाला, तर मासा अंडीं घालणार कोठें? शिवाय तळची चिकणमाती फुटली, कीं पाणी मुळीं ठरतच नाहीं.