दोन मिलिमीटर

आईच्या थायरॉइडची गाठ काढायची ठरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आवाजाची नस तिथूनच जाते. बहुतेकांना काही होत नाही, पण काहींचा आवाज थोडा बदलतो." आई म्हणाली, "बदलू दे, नाहीतरी माझं ऐकतं कोण!" आम्ही सगळेच हसलो. पण घरी येताना लक्षात आलं, आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नीट साठवलेला नाही.

शहाण्या माणसाने मोबाईल समोर ठेवला असता आणि काम संपवलं असतं. पण आम्ही पडलो हौशी! कपाटात सहा महिने एक अर्धवट मायक्रोफोन पडून होता. २५ मिमीची इलेक्ट्रेट कॅप्सूल, बुधवार पेठेतून आणलेले सुटे भाग, झीरो पीसीबीवर जोडलेलं सर्किट आणि एका जुन्या माईकची रिकामी नळी. बोर्ड नळीत बसवला की झालं. सोमवार होता, ऑपरेशन शुक्रवारी. म्हटलं, एका संध्याकाळचं काम.

बोर्ड बसेना. नळीच्या आत दोन उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर तो स्क्रूने बसतो. माझा बोर्ड दोन मिलिमीटर रुंद! कानस घेऊन बसलो. आई टॉर्च धरून शेजारी. घासून घासून बोर्ड बसला, तर कडेची तांब्याची रेघ पट्टीला टेकून शॉर्ट. ती रेघ खरवडून काढली, वायरने जोड दुसरीकडून दिला. मग उभा कपॅसिटर नळीला अडला. त्याला आडवा झोपवला.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कॅप्सूलची तार जिथे एफईटीला मिळते ती. तिथला रेझिस्टर एक गिगाओहमचा, म्हणजे १०० कोटी ओहम! तिथे बोटाचा तेलकटपणा किंवा सोल्डरचा चिकट फ्लक्स राहिला, तर त्यातूनही वीज झिरपते आणि माईक कुरकुर करतो. म्हणून तो जोड बोर्डाला न टेकवता हवेत अधांतरी ठेवला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. आई म्हणाली, "सोवळंच पाळतोयस की रे!"

बुधवारी ४८ व्होल्ट दिले. आवाज आला, पण सोबत 'घूंऽऽ'. नळीला हात लावला की आणखी वाढायची. अर्धी रात्र गेली तेव्हा कारण सापडलं. बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून नळी एक नंबरच्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली लागते. मी स्क्रू आवळला होता, पण त्याच्याखाली रंग होता. गुरुवारी नखाएवढा रंग खरवडला आणि एकदम शांतता.

या चार दिवसांत टॉर्च धरून आई बोलतच होती. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची, माणदेशातल्या गावात. आजी खडी फोडायला जायची. शाळेत सुकडी मिळायची, ती आई परकराच्या ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी आणायची. एकदा वाटेत सगळी खाऊन टाकली आणि घरी खोटं बोलली. "अजून सांगितलं नाहीये त्याला," असं म्हणून ती गप्प झाली. मी तेव्हा "आई, उजेड जरा डावीकडे" म्हणालो.

गुरुवारी रात्री माईक समोर ठेवला आणि म्हटलं, "बोल आता. ते सुकडीचं सांग." आईने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि आकाशवाणीवर बोलावल्यासारखी म्हणाली, "नमस्कार. आमच्या लहानपणी दुष्काळ पडला होता. पाण्याचे फार हाल होते." पुढे चार वाक्यं. संपलं. भावाचं नाव नाही, ओचा नाही, काही नाही.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे आवाज बसला होता, मग परतला. वरची पट्टी थोडी गेली आहे, पण आईला ते मान्य नाही.

ते रेकॉर्डिंग मी पुष्कळदा ऐकलंय. खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज त्यात स्वच्छ येतो. पण मला आवडते ती 'नमस्कार'च्या आधीची जागा. मी सुरू करून ठेवलंय हे आईला माहीत नाही, आणि ती नेहमीच्या आवाजात विचारते, "झालं का रे तुझं? जेवायचं कधी?"

आता माईक तिच्या ओट्यावर पोह्यांच्या डब्याशेजारी असतो. तो चालू असला की आधी सांगतो, पण पाच मिनिटांत ती विसरते. सुकडीची गोष्ट अजून परत आलेली नाही. मामा, तू हे वाचत असशील तर एकदा येऊन तूच विचार तिला. मी टॉर्च धरतो.