नाशिकची थंडी आणि वाड्यातील बंब

नाशिकक्षेत्री जाणारे बहुतेक यात्रेकरू रामकुंड, काळाराम आणि पांडवलेणी पाहून परत फिरतात. तेथील थंडीचा परिचय त्यांना होतो तो एका पहाटेच्या स्नानापुरताच. ती खरी कळावयाची तर पौषात एखाद्या जुन्या वाड्यात आठ दिवस काढले पाहिजेत. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचे हे गाव. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता भराभर टाकून देते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की पारा पाहता पाहता उतरतो. ७ जानेवारी १९४५ रोजी येथे ०.६ अंश सेल्सियस उष्णतामानाची नोंद झाली होती. पूर्वेस निफाडकडे थंडी याहूनही कडक. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता.

असे असूनही विलायतेतल्याप्रमाणे सारे घर तापविणारी भट्टी आपल्याकडे कधी नव्हती. वाडे बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळा होता. जाड भिंती, मधला चौक, उंच माजघर ही सारी योजना वैशाखासाठी. हिवाळ्याचा भार चूल, शेगडी आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब यांनी वाहावयाचा. त्यांतही बंबाचा मान मोठा. कारण पहाटे पाचपासून नऊपर्यंत घरातील प्रत्येकाला त्याच्यापुढे बादली घेऊन रांगेत उभे राहावेच लागे, मग तो वकील असो वा मुंजा बटू.

जुन्या नाशकात आता असे वाडे थोडे उरले आहेत आणि पेटते बंब त्याहून थोडे. तथापि गतवर्षी आम्ही ज्या स्नेह्यांकडे उतरलो होतो, त्यांच्याकडे विजेचे यंत्र असूनही बंब चालू होता. घरात बारा दिवसांची बाळंतीण होती आणि तिच्या व बाळाच्या न्हाणाला बंबाचेच पाणी हवे, असा आजींचा दंडक होता. नेमक्या त्याच आठवड्यात बंबाने असहकार पुकारला. तासभर लाकडे जाळावीत तरी पाणी कोमटच. धूर मात्र चौकात मावेना.

घरच्या एका उत्साही तरुणाने सुचविले, की बंब दुरुस्त होईपर्यंत कोळशाची शेगडी बाळंतिणीच्या खोलीत ठेवावी आणि दारे-खिडक्या बंद कराव्यात, म्हणजे ऊब टिकेल. आजींनी त्याला तेथेच थांबविले. “शेगडी जाऊ दे आत, पण वरची झडप उघडी राहील आणि निखारे बाहेर फुलवून, धूर मोडल्यावरच नेशील. रात्री निजताना ती चौकात आली पाहिजे.” आजींचे बोलणे अनुभवाचे होते, आम्ही त्यात एवढीच भर घातली, की धूर मोडला म्हणून धोका संपत नाही. कोळसा अपुऱ्या हवेत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. माणूस झोपेतच जातो. हल्ली कोंदट न्हाणीघरात गॅसचे गीझर बसवून जे अपघात होतात, त्यांचे कारणही बहुधा हाच वायू असतो. अखेर शेगडी आत नेऊच नये असे ठरले आणि खोलीत गरम पाण्याच्या पिशव्या आल्या.

दुपारी तांबट आले. नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वापार नावाजलेली, आणि तांबट गल्लीतील ठोके अजून अगदीच थांबलेले नाहीत. आजींनी विचारले, “काका, नवीनच घ्यावा लागेल का हो?” ते म्हणाले, “आजी, असा पत्रा आता मिळायचा नाही. आधी पोट बघू द्या त्याचं.”

बंबाची रचना साधी, पण मोठी हुशारीची असते. मधून उभी नळी, भोवती पाणी, तळाशी जाळी. जाळीवर विस्तव, आणि त्याची ज्वाळा नळीतून वर जाताना पाणी तापवीत जाते. चाळीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास बाराशे किलोकॅलरी उष्णता पुरते, आणि एक किलो कोरड्या लाकडात तिच्या सुमारे तिप्पट असते. म्हणजे बंब धड असेल तर ढलप्यांची एक टोपली पुष्कळ झाली. येथे मात्र तीन दोष एकत्र आले होते. जाळी राखेने बुजल्यामुळे खालून वारा शिरत नव्हता. नळीत काजळीचा थर बसला होता, आणि काजळी म्हणजे तांब्याला घातलेली गोधडीच. आतल्या बाजूस बोअरच्या जड पाण्याचा क्षार अंड्याच्या कवचासारखा धरला होता. शिवाय तळाचा एक सांधा उकलून थेंब थेंब पाणी निखाऱ्यांवर पडत होते, ते वेगळेच.

काकांनी बांबूला काथ्या बांधून नळी घासली, जाळी झाडली, आणि क्षारासाठी चिंचेचे पाणी रात्रभर भरून ठेवावयास सांगितले. सांधा मात्र दुकानात नेऊन झाळावा लागला. जाता जाता त्यांनी सुनांना बजावले, की बंब रिकामा असताना विस्तव कधी घालू नये. आत पाणी असेपर्यंत तांबे शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, पाणी संपले की झाळ वितळलीच. नवे बंब आता कोणी सांगत नाही, असे ते म्हणाले. जुने मोडीत जातात, किंवा हॉटेलांत शोभेला उभे राहतात.

मधल्या दिवशी आम्ही पहाटे निफाडकडे गेलो होतो. द्राक्षबागांतून ओळीने शेकोट्या धुमसत होत्या. थंडीने मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून बागाईतदार रात्र जागवून धूर करतात आणि पहाटे ठिबकने विहिरीचे पाणी सोडतात, कारण अशा वेळी ते पाणी हवेपेक्षा उबदार असते. वर्षभराचे कर्ज त्या घडांवर टांगलेले. तेथे झोप कोणाला येणार?

तिसऱ्या दिवशी सायंकाळी बंब परत आला. दुसऱ्या पहाटे ढलपे आणि दोन गोवऱ्या एवढ्यावर अर्ध्या तासात पाणी कढत झाले, आणि पहिले घंगाळ बाळंतिणीसाठी भरले गेले. आमचा नंबर सातवा होता.