'इव्हॉल्व्ह': १७ वर्षांनी आलेला अल्बम आणि हिंगोलीतले श्रोते

पुनरागमनाचा अल्बम हा रॉक संगीतातला वेगळाच प्रकार आहे. बँड फुटतो, वादक आपापल्या वाटेने जातात, श्रोते जुन्या कॅसेटींवर वर्षानुवर्षे भागवतात, आणि मग कधीतरी तीच माणसे, किंवा त्यांच्यातली काही, नवी गाणी घेऊन परत येतात. १९७६ साली फुटलेला 'डीप पर्पल' हा इंग्लिश बँड १९८४ मध्ये आपल्या गाजलेल्या संचासह एकत्र आला आणि त्याने 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' काढला. त्यानंतर असे प्रयत्न अनेकांनी केले. 'गन्स अँड रोझेस'चा नव्या गाण्यांचा अल्बम १९९१ नंतर थेट २००८ मध्ये आला. 'चायनीज डेमॉक्रसी' हे त्याचे नाव. मात्र जुन्या संचातले बहुतेक वादक त्यात नसल्यामुळे कित्येक चाहत्यांनी तो त्या बँडचा मानायलाच नकार दिला. उलट 'ब्लॅक सॅबथ'ने ऑझी ऑस्बॉर्नच्या आवाजात २०१३ साली काढलेला '१३' ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. अशा अल्बमला संगीताबरोबर श्रोत्यांच्या आठवणींनाही तोंड द्यावे लागते. पहिल्यांदा बाजारात येणाऱ्या बँडवर हे ओझे नसते.

महाराष्ट्रातले याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा 'इंडस क्रीड'. हा बँड १९८४ मध्ये 'रॉक मशीन' या नावाने सुरू झाला. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड महाविद्यालयांच्या महोत्सवांत परदेशी बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवत, आणि श्रोत्यांनाही तेच हवे असे. स्वतःची इंग्रजी गाणी रचून त्यांचा अख्खा अल्बम काढण्याचे धाडस ज्या थोड्यांनी केले, त्यांत 'रॉक मशीन' अग्रभागी होता. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्याचे अल्बम आले. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' केले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. उदय बेनेगल यांचा आवाज, महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या गिटारी, झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड, मार्क सेल्विन यांची बास गिटार आणि मार्क मेनेझिस यांचे ड्रम्स हा त्याचा गाजलेला संच. १९९७ मध्ये तो फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा दुसरा बँड उभा केला.

मुंबईतल्या श्रोत्याला हा बँड प्रत्यक्ष ऐकता येत होता. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरत होता आणि रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर रॉकचे कार्यक्रम होत होते. हिंगोलीतल्या श्रोत्याला यातले काहीच मिळत नव्हते. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. रेल्वे होती ती मीटरगेज. रेडिओवर आकाशवाणीचे परभणी केंद्र लागे. त्यावर भावगीते, भजने, शेतीविषयक कार्यक्रम आणि हिंदी चित्रपटगीते ऐकू येत. गावात वाद्ये दिसत ती भजनी मंडळांची, लग्नाच्या बँडची आणि गणपतीत येणाऱ्या ऑर्केस्ट्राची. इलेक्ट्रिक गिटार दिसलीच तर ऑर्केस्ट्रात, तीही चित्रपटगीताचा एखादा तुकडा वाजवताना.

अशा ठिकाणी 'इंडस क्रीड' पोहोचला तो डिश अँटेनामुळे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि तालुक्याच्या गावांतही केबलवाल्यांनी गल्लोगल्ली वायरी ओढल्या. त्या वायरीतून एमटीव्ही आले. प्रस्तुत लेखक तेव्हा हिंगोलीत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकत होता. परदेशी गाण्यांच्या रांगेत 'प्रिटी चाइल्ड' हे गाणे लागले आणि गाणारे, वाजवणारे आपल्याकडचे आहेत हे लक्षात आले, तेव्हा वर्गातल्या काही मुलांना या बँडचे अक्षरशः वेड लागले. इंग्रजी शब्द निम्मेअधिक कळत नव्हते, पण पडद्यावरची आडनावे ओळखीची वाटत होती, आणि त्या वयात तेवढा धागा पुरेसा होता. कॅसेट हिंगोलीत मिळत नसे. नांदेडला कोणी दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या बस्त्याच्या निमित्ताने जाणार असेल तर त्याला चिठ्ठी लिहून द्यायची, असा मार्ग होता. आलेल्या एका कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटींवर प्रती निघत. आतल्या कागदावर छापलेली गाणी वहीत उतरवली जात, शब्दकोशात अर्थ शोधले जात. लेखकाचे इंग्रजी पाठ्यपुस्तकापेक्षा या वहीने अधिक सुधारले, असे म्हणायला हरकत नाही.

या ऐकण्याचे एक वैशिष्ट्य पुढच्या घटनांसाठी महत्त्वाचे आहे. मुंबईच्या चाहत्याच्या आठवणीत गर्दी होती, मैदान होते, बेनेगल यांचा मंचावरचा वावर होता. हिंगोलीच्या चाहत्याकडे फक्त ध्वनिमुद्रण होते. कॅसेट एका बाजूने सुरू झाली की शेवटपर्यंत ऐकली जाई, कारण गाणे पुढे ढकलताना फीत अडकायची भीती असे. त्यामुळे गाण्यांचा क्रम, दोन गाण्यांमधली शांतता, कीबोर्डचा सूर नेमका कोणत्या ठिकाणी वर येतो, हे सगळे तोंडपाठ झाले होते. १९९५ चा अल्बम या मुलांना जितका बारकाईने माहीत होता, तितका तो प्रत्यक्ष कार्यक्रम पाहणाऱ्यांनाही क्वचितच माहीत असेल.

बँड फुटल्याची बातमी गावात उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आली. पुढे शिक्षण, नोकऱ्या, लग्ने यांत मंडळी पांगली. २०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघे होते. बास गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नवे वादक आले. २०१२ मध्ये या पाच जणांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम प्रसिद्ध झाला. आधीच्या अल्बमनंतर १७ वर्षे लोटली होती. गाणी फक्त आठ. त्यांचे मिश्रण टिम पामर यांनी केले. 'पर्ल जॅम'च्या 'टेन' या अल्बमच्या मिश्रणासाठी ते ओळखले जातात.

या आठ गाण्यांत जुन्या 'रॉक मशीन'चा ठसा जवळजवळ नाही. ऐंशीच्या दशकातले चटकन ओठांवर बसणारे, टाळ्यांसाठी जागा सोडणारे ध्रुपद इथे मागे पडले आहे. गिटारी एकमेकींवर थर रचत जातात, गाणे मध्येच वळण घेते आणि सुरुवातीच्या जागी लगेच परतत नाही. बेनेगल यांचा आवाज अधिक खालच्या पट्टीत स्थिरावला आहे. तारुण्यातली चढी फेक जाऊन त्याला वजन आले आहे. 'फायरफ्लाइज', 'डिझॉल्व्ह', 'टेक इट हार्डर', 'नो डिसग्रेस' ही गाणी एकदा ऐकून हाती लागत नाहीत. मिस्त्री आणि राव कवी या जोडीने तालाचा पाया इतका भक्कम आणि चपळ केला आहे की जुन्या ध्वनिमुद्रणांतला ताल त्यापुढे सरळधोपट वाटतो.

हा अल्बम हिंगोली जिल्ह्यात दुकानातून येण्याची शक्यता नव्हती. २०१२ पर्यंत कॅसेटची दुकाने बंद पडली होती आणि त्यांच्या जागी मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने आली होती. त्यांच्या संगणकांत चित्रपटगीते, भीमगीते, भारुडे, लावण्या असे सारे काही होते, पण 'इंडस क्रीड' नव्हता. पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राने सीडी आणली. वसमतला दुसऱ्याचे कृषी सेवा केंद्र होते. शटर अर्धे ओढून, खतांच्या पोत्यांवर बसून, दुकानाच्या संगणकाला स्पीकर जोडून ती प्रथम ऐकली गेली. मराठवाड्यात तेव्हा भारनियमन होते. वीज गेली आणि उरलेली गाणी दुसऱ्या दिवशीवर गेली.

पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. "अरे, ह्यात आपलं गाणं कुठंय?" असे दुकानदार मित्र म्हणाला, आणि ते जवळजवळ सगळ्यांच्याच मनातले होते. प्रत्येक गाण्यात कान 'प्रिटी चाइल्ड' शोधत होता. कळमनुरीला शिक्षक असलेल्या मित्राचा आक्षेप अधिक नेमका होता: जयेश गांधी यांची गिटार नाही, सेल्विन नाहीत, मेनेझिस नाहीत, मग याला तेच नाव का द्यायचे? 'चायनीज डेमॉक्रसी'च्या वेळी जगभरातल्या चाहत्यांनी विचारलेला प्रश्न तो हाच. पुण्याच्या मित्राला मात्र अल्बम पहिल्यापासून आवडला होता. या बारा-पंधरा वर्षांत त्याने पुष्कळ नवे रॉक ऐकले होते. बाकीच्यांचे ऐकणे १९९७ च्या आसपास थांबले होते, आणि मतभेदाचे खरे मूळ तिथे होते.

हिंगोली जिल्ह्याला हा पेच नवा नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि या भागात गावोगाव भजनी मंडळे आहेत. वर्षानुवर्षे एका चालीत म्हटला जाणारा अभंग एखाद्या नव्या गायकाने वेगळ्या चालीत उचलला की टाळकऱ्यांना ध्रुपद धरता येत नाही, म्हातारी माणसे अस्वस्थ होतात आणि चाल चांगली असूनही त्या रात्री पडते. तीच चाल पुढच्या काही एकादशांना पुन्हा कानावर पडली तर मात्र तिच्यातली जागा न् जागा लोकांना सापडू लागते. नवी चाल श्रोत्याकडून वेळ मागते. तो वेळ मिळाल्याशिवाय ती बरी की वाईट हे ठरत नाही.

'इव्हॉल्व्ह'चे हिंगोलीत तसेच झाले. त्याला कारण ठरला तो या मंडळीच्या बाहेरचा एक श्रोता. जिल्ह्यातल्या एका ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवणारा हा तरुण लेखकाच्या ओळखीचा होता. त्याने 'इंडस क्रीड'चे नावही ऐकलेले नव्हते, त्यामुळे त्याला काही शोधायचे नव्हते. त्याने थेट वादनावर बोट ठेवले: कीबोर्डवाला चाल वाजवत नाही, गाण्याच्या पाठीमागे हवा भरत राहतो, आणि म्हणून गिटारी मोकळ्या होतात. ड्रम्सचे काही तुकडे त्याने ऑक्टोपॅडवाल्या सहकाऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकवले. जुन्या चाहत्यांना जे दिसले नव्हते ते या वादकाला पहिल्याच फेरीत दिसले. त्यानंतर लेखकाने सीडी पुन्हा लावली ती कॅसेटच्या काळातल्या शिस्तीने, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये काहीही न वगळता. हळूहळू 'डिझॉल्व्ह'मधली वळणे ओळखीची झाली आणि 'नो डिसग्रेस' कानात घर करून राहिले.

शिक्षक मित्राचे मन वेगळ्या कारणाने वळले. त्याला गाण्यांचे शब्द भिडले. विशीतल्या बँडची गाणी उसळीची, बंडाची असतात. ही गाणी पडझड पाहिलेल्या माणसांची होती. शाळेत असताना वहीत उतरवून अर्थ लावावे लागलेले इंग्रजी आता सहज कळत होते, आणि गायकाचे वय वाढले तसे ऐकणाऱ्याचेही वाढले होते. दुकानदार मित्र मात्र शेवटपर्यंत १९९५ च्या अल्बमवर ठाम राहिला. त्याच्या दृष्टीने बँड १९९७ मध्ये संपला, नंतरचे सगळे वेगळे. हे मतही आदराने नोंदवले पाहिजे. एखाद्या संगीतावर तरुणपणी जीव जडतो तेव्हा त्यात त्या दिवसांतले मित्र, घर, गाव असे सगळेच आलेले असते, आणि ते सगळे परत आणून देणे कोणत्याही वादकाच्या हाती नसते.

तरीही अल्बम म्हणून निर्णय द्यायचा तर तो 'इव्हॉल्व्ह'च्या बाजूने द्यावा लागतो. जुन्या गाण्यांची नवी आवृत्ती काढून टाळ्या मिळवणे या पाच जणांना सहज जमले असते. 'प्रिटी चाइल्ड'सारखे आणखी एक गाणे केले असते तर हिंगोलीपासून मुंबईपर्यंत सारे खूश झाले असते. तो मार्ग त्यांनी सोडला. १९९५ च्या अल्बममध्ये उत्तम गाणी आहेत, पण त्यांच्या शेजारी सामान्य गाणीही आहेत. 'इव्हॉल्व्ह'ची आठही गाणी एका दर्जाची आहेत आणि वादन आधीच्या कोणत्याही अल्बमपेक्षा सरस आहे. जुन्या संचातले तीनच वादक असूनही नाव राखण्याचा हक्क या ध्वनिमुद्रणाने कमावला आहे.

ज्या वाचकांनी 'रॉक मशीन' किंवा 'इंडस क्रीड' आपल्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत ऐकला आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत, त्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा. जुनी कॅसेट त्याआधी लावू नये, आणि एका फेरीत मत बनवू नये.